जमखंडीचे महर्षी : विठ्ठल रामजी शिंदे

गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत दरवर्षी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र द्यायचे, ही चाल बहुतेक मंडळांत आहे. शिवछत्रपती, लोकमान्य, सावरकर, आगरकर ही नावे आपल्या मुलांनाही पाठ आहेत. यंदा ज्यांची ओळख करून देतो आहे ते महर्षी विठ्ठल रामजी शिंदे आपल्यासारखेच कर्नाटकच्या मातीतले मराठी होते. त्यांचे गाव जमखंडी, विजापूरच्या पलीकडे कृष्णाकाठच्या मुलखात, आज बागलकोट जिल्ह्यात. महाराष्ट्रात त्यांच्या नावाच्या शाळा आणि रस्ते आहेत. आपल्या भागात मात्र त्यांचे नाव सांगितले की लोक विचारतात, कोण शिंदे?

त्यांनी आयुष्यभर एकच काम केले. माणसाला जन्मावरून हलके ठरवण्याच्या रीतीचा आधी अभ्यास केला, मग ती मोडण्यासाठी संस्था काढल्या, ठराव केले, सरकारपुढे साक्षी दिल्या आणि शेवटी पुन्हा अभ्यासाकडे वळले. आज वर्ण, वंश आणि जातीच्या समतेविषयी जगभर संशोधन संस्था आणि आयोग काम करतात. त्यातले बरेचसे शिंद्यांनी शंभर वर्षांपूर्वी, हाती फारसा पैसा नसताना, जवळजवळ एकट्याने सुरू केले होते.

जमखंडीचे घर

विठ्ठलरावांचा जन्म २३ एप्रिल १८७३ चा. जमखंडी हे पटवर्धनांचे संस्थान. दरबारात मराठी आणि बाजारात कानडी, असा तिथला व्यवहार. आळंदच्या जुन्या घरांतून वाढलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. वडील रामजीबाबा वारकरी, आई यमुनाबाई. शेजारी लिंगायत, गावात मुसलमान वस्ती, घरात पंढरीची वारी. अशा ठिकाणी वाढणाऱ्या मुलाला माणसे निरनिराळ्या तऱ्हेने देवाला हाक मारतात हे लहानपणीच कळते. घरची स्थिती मात्र उतरत गेली. रिवाजाप्रमाणे बालपणीच लग्न झाले, पत्नी रुक्मिणीबाई. बहीण जनाक्का हिला सासरी सुख लागले नाही. तिला त्यांनी पुढे पुण्याच्या हुजूरपागेत शिकवले. बहिणीचा हा अनुभव त्यांच्या मनात खोल गेला असला पाहिजे, कारण स्त्रियांचा प्रश्न त्यांनी पुढे कधी सोडला नाही.

१८९१ मध्ये ते मॅट्रिक झाले आणि १८९३ मध्ये पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात दाखल झाले. मराठा समाजातील होतकरू मुलांना मदत करणारी डेक्कन मराठा एज्युकेशन असोसिएशन आणि बडोद्याचे सयाजीराव गायकवाड महाराज यांच्या आधाराने शिक्षण चालले. मिल आणि स्पेन्सर वाचले, रानडे आणि भांडारकर यांचे विचार ऐकले. १८९८ मध्ये ते बी.ए. झाले आणि त्याच सुमारास प्रार्थना समाजाचे सभासद झाले. वकिलीचा अभ्यास सुरू केला होता, तो अर्ध्यावर सोडला. त्या काळी बी.ए. झालेल्या मराठा तरुणाला बडोद्यात किंवा कोल्हापुरात चांगल्या हुद्द्याची नोकरी सहज मिळाली असती. घरच्यांनी काय काय मनात धरले असेल याची कल्पना आपण करू शकतो.

ऑक्सफर्डची दोन वर्षे

१९०१ मध्ये ते युनिटेरियन संस्थेच्या शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्मांचा तुलनात्मक अभ्यास करायला गेले. तिथे पाली आणि बौद्ध धर्म शिकले. सुट्टीत विलायतेच्या शहरांतील गरीब वस्त्या पाहिल्या. त्या वस्त्यांत जाऊन राहणारे आणि तिथल्या मुलांना शिकवणारे कार्यकर्ते पाहिले. तिथूनच ते सुबोध पत्रिकेसाठी पत्रे लिहीत असत. १९०३ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या उदार धर्म परिषदेत हिंदुस्थानातील उदार धर्माविषयी निबंध वाचून ते परतले आणि मुंबईत प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले.

ऑक्सफर्डहून त्यांनी दोन सवयी आणल्या. कोणताही प्रश्न मुळापासून तपासायचा, ही पहिली. ज्यांचा प्रश्न आहे त्यांच्यात जाऊन राहायचे, ही दुसरी. पुढचे सगळे चरित्र या दोन सवयींवर उभे आहे.

आधी मोजणी

अस्पृश्यांविषयी कळवळा दाखवणारे लोक तेव्हाही होते. महात्मा फुल्यांनी तर पन्नास वर्षांपूर्वी शाळा काढून दाखवली होती. पण देशात अस्पृश्य मानले गेलेले लोक एकंदर किती आणि कोणकोणत्या प्रांतात, याचा हिशेब लोकांसमोर नव्हता. शिंद्यांनी १९०१ च्या जनगणनेचे अहवाल काढले आणि आकडे मांडले. बेरीज पाच कोटींच्या वर गेली. म्हणजे देशातल्या दर सहा माणसांमागे एक माणूस असा, की ज्याची सावलीही नको. या माणसांच्या देशाला त्यांनी बहिष्कृत भारत असे नाव दिले आणि त्याच नावाचा लेख लिहिला. पुढे १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या पाक्षिकाला हेच नाव दिले.

मी सरकारी नोकर आहे. माझे शिक्षण डिप्लोमापर्यंतचे, आणि आमच्या कामात तक्ते आणि रकाने भरपूर. आकड्याचे मोल तिथे रोज दिसते. ज्या वस्तीचा आकडा कागदावर नाही त्या वस्तीला नळ मिळत नाही आणि अंगणवाडीही मिळत नाही. आपल्याच भागाचे उदाहरण घ्या. हैदराबाद कर्नाटक मागे आहे असे आपले वाडवडील किती वर्षे म्हणत होते! डॉ. नंजुंडप्पा समितीने तालुकावार मोजमाप करून २००२ मध्ये अहवाल दिला, तेव्हा त्या म्हणण्याला वजन आले. पुढे ३७१ (जे) कलम आले आणि आपल्या मुलांना त्याचा लाभ मिळतो आहे. गाऱ्हाण्याचा आकडा झाला की सरकारला उत्तर द्यावे लागते. शिंद्यांनी हे १९०५ च्या आसपास ओळखले होते.

पण आकड्यांवर ते थांबले नाहीत. १९०५ मध्ये अहमदनगरजवळ भिंगारला अस्पृश्य मंडळींनी रात्री सभा भरवली होती, तिला ते गेले. तिथे जे पाहिले आणि ऐकले त्यावरून त्यांचा निश्चय झाला, की हेच आपले जन्माचे काम.

मिशन

१८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत एल्फिन्स्टन रोडवर मुरारजी वालजी यांच्या बंगल्यात डिप्रेस्ड क्लासेस मिशनची पहिली शाळा सुरू झाली. मराठीत या संस्थेला निराश्रित साहाय्यकारी मंडळी म्हणत. न्यायमूर्ती नारायणराव चंदावरकर अध्यक्ष झाले आणि शिंदे सरचिटणीस. शिक्षण देणे, पोटापाण्याचे काम शिकवणे, सामाजिक गाऱ्हाणी सोडवणे आणि सदाचाराचे वळण लावणे असे संस्थेचे हेतू होते. शाळेला जोडून पुस्तकबांधणी आणि शिवणकामाचे वर्ग काढले. आजाऱ्यांच्या शुश्रूषेचे काम जनाक्कांनी अंगावर घेतले.

सगळ्यात अवघड गोष्ट वेगळीच होती. शिंदे आपल्या कुटुंबासह त्या मुलांबरोबर राहू लागले. वारकरी वडील, आई, बायको, बहीण आणि लेकरे एकाच छपराखाली अस्पृश्य मुलांच्या सोबत. सभेत टाळ्या वाजवणारे पुष्कळ मिळतात. आपल्या चुलीपर्यंत माणूस येऊ देणारे त्या काळात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते. स्वजातीच्या लोकांनी त्यांना दूर केले. ज्यांच्यासाठी घर सोडले त्यांनाही हा मराठा इथे का आला असे वाटत राहिले. या दोन्ही बाजूंच्या मध्ये रुक्मिणीबाई आणि जनाक्का यांनी संसार आणि काम दोन्ही ओढले, त्याची नोंद चरित्रकार थोडक्यात घेतात. खरे तर ती लांबवर घ्यायला हवी.

पाहता पाहता मिशनच्या शाखा आणि जोडसंस्था अनेक गावी झाल्या. पुणे, अकोला, अमरावती तसेच आपल्या कर्नाटकात हुबळी. मंगळूरला कुद्मुल रंगराव आधीपासूनच असे काम करीत होते, तेही या कामाशी जोडले गेले. गुजरातचे ठक्करबाप्पा याच काळात मिशनच्या संगतीत आले. पुण्यात इंदूरच्या तुकोजीराव होळकर महाराजांनी २०,००० रुपये दिले आणि नाना पेठेत अहल्याश्रम उभा राहिला. देवाला मुली सोडण्याच्या प्रथेविरुद्धही शिंद्यांनी मोहीम उघडली. जेजुरीच्या मुरळ्यांची स्थिती त्यांनी जाऊन पाहिली. आपल्याकडे यल्लम्माच्या नावाने तेच चालत असे, त्यामुळे ते दुःख आपल्या भागाला परके नाही.

ठराव आणि सही

शाळा कितीही काढल्या तरी देशाच्या धोरणात बदल झाल्याशिवाय पाच कोटी माणसांचे भागणार नाही हे शिंदे जाणून होते. म्हणून ते काँग्रेसच्या मागे लागले. सामाजिक प्रश्न काँग्रेसमध्ये आणला तर फूट पडेल अशी तेव्हाच्या पुढाऱ्यांना भीती होती. अनेक वर्षांच्या खटपटीनंतर १९१७ च्या कलकत्ता अधिवेशनात, अ‍ॅनी बेझंट अध्यक्ष असताना, अस्पृश्यांवर रूढीने लादलेली बंधने दूर करावीत असा ठराव काँग्रेसने प्रथमच संमत केला. गांधीजींनी हा विषय काँग्रेसच्या मध्यभागी आणला तो त्यानंतर. वाट करून देणाऱ्यांत जमखंडीचा हा माणूस होता.

मार्च १९१८ मध्ये मुंबईत अखिल भारतीय अस्पृश्यता निवारण परिषद भरली. सयाजीराव महाराज अध्यक्ष होते आणि लोकमान्य टिळकही आले होते. टिळकांनी अस्पृश्यतेविरुद्ध अतिशय जोरदार भाषण केले आणि मंडप दणाणून गेला. परिषदेत एक जाहीरनामा निघाला होता. सही करणाऱ्याने स्वतःच्या रोजच्या वागण्यात अस्पृश्यता पाळणार नाही असे त्यात कबूल करायचे होते. मोठमोठ्या पुढाऱ्यांनी सह्या केल्या. टिळकांची सही झाली नाही.

ही हकीकत लोकमान्यांना कमीपणा आणण्यासाठी सांगत नाही. आपला गणेशोत्सवच त्यांच्या प्रेरणेचा आहे. पण सार्वजनिक भाषण आणि घरातले वागणे यांच्यात अंतर किती असते, हे त्या एका सहीवरून कळते. शिंद्यांनी लोकांकडे सही मागितली, कारण नुसत्या ठरावाने पाण्याचा घडा बाटायचा थांबत नाही हे त्यांना रोजच्या अनुभवाने ठाऊक होते.

मतभेद आणि माघार

१९१९ मध्ये राजकीय सुधारणांच्या साउथबरो समितीपुढे शिंद्यांनी अस्पृश्यांच्या प्रतिनिधित्वाविषयी साक्ष दिली. त्याच समितीपुढे तरुण आंबेडकरांचीही साक्ष झाली. प्रतिनिधी हवेत यावर दोघांचे एकमत, पण ते कोणी निवडायचे यावर मतभेद. आपले प्रतिनिधी आपणच निवडू, दुसऱ्यांनी आपल्या वतीने निवडायचे नाहीत, अशी आंबेडकरांची भूमिका होती. १९२० मध्ये शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली नागपूरला भरलेल्या परिषदेतही मिशनच्या सूचनेला विरोध झाला.

आज मागे पाहता आंबेडकरांचे म्हणणे अगदी रास्त वाटते. ज्याचे जळते त्यालाच कळते. दुसरा कितीही भला असला तरी तो दुसराच. पण शिंद्यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. समाजाचे तुकडे पडून पुन्हा जुन्याच भिंती नव्या नावाने उभ्या राहतील, ही त्यांची धास्ती होती. ही धास्ती दुसऱ्यांना सांगण्यापुरती नव्हती. १९२० च्या निवडणुकीत मुंबई कायदेमंडळात मराठ्यांसाठी राखीव जागा होत्या. तिथून उभे राहिले असते तर निवडून येणे सोपे होते. त्यांनी ती जागा नाकारली, सर्वसाधारण जागेवरून बहुजन पक्षातर्फे उभे राहिले आणि पडले.

पुढे मिशनचा कारभार आमच्याच हाती द्या, अशी मागणी अस्पृश्य समाजातील शिकलेल्या तरुणांकडून होऊ लागली. आयुष्याची सतरा वर्षे ज्या संस्थेत घातली ती सोडणे कोणालाही जड जाईल. आपल्या गावातल्या संस्थांचे संस्थापक चाळीस-चाळीस वर्षे खुर्ची सोडत नाहीत हे आपण पाहतो. शिंदे १९२३ मध्ये मिशनच्या कामातून बाजूला झाले आणि कारभार त्या समाजातल्या पुढाऱ्यांकडे जाऊ दिला. मनाला लागले होते, हे त्यांच्या आत्मचरित्रावरून कळते. तरीही त्यांनी प्रश्नाकडे पाठ फिरवली नाही.

पुन्हा अभ्यासाकडे

त्या काळात युरोपीय पंडितांमध्ये माणसांच्या डोक्याची आणि नाकाची मापे घेऊन वंश ठरवण्याची टूम होती. आपल्याकडे १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त रिस्ले यांनी नाकाच्या मापावरून जातींची वरची-खालची पायरी लावली होती. म्हणजे वरच्या जाती एका वंशाच्या, खालच्या दुसऱ्या, आणि उच्चनीचता निसर्गानेच केलेली. शिंद्यांनी याच जनगणनेतून संख्या घेतली होती. पण अस्पृश्यतेचे मूळ शोधायला त्यांनी इतिहास, भाषा, चालीरीती आणि प्रत्यक्ष प्रवास हा मार्ग धरला.

१९२७ मध्ये ते ब्रह्मदेशात गेले. ब्रह्मदेश बौद्ध, तिथे आपल्यासारख्या जाती नाहीत. तरीही पॅगोड्यांना वाहिलेल्या गुलामांचे वंशज आणि प्रेते पुरणारे लोक तिथे वाळीत टाकलेले होते. त्यांचा धर्म, भाषा आणि चेहरामोहरा इतरांसारखाच. जपानात चामड्याचे काम करणाऱ्यांच्या वंशजांची, ज्यांना बुराकू म्हणतात त्यांची, गत अशीच होती. मग नाकाच्या मापाचा आणि विटाळाचा संबंध काय? माणसाला खाली ढकलण्यासाठी वेगळा वंश लागत नाही. ढकलणाऱ्याच्या हाती सत्ता असली की पुरते.

१९३३ मध्ये त्यांचा 'भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न' हा ग्रंथ निघाला. वेदकाळातील चांडाल, पौल्कस यांच्यापासून मलबारच्या पुलयांपर्यंत आणि गावगाड्यातल्या महारांच्या वतनापर्यंत त्यात शोध आहे. आज अस्पृश्य म्हणवले जाणारे अनेक समूह एके काळी स्वतंत्र होते आणि पराभवानंतर त्यांना हीन ठरवले गेले, असा त्यांच्या मांडणीचा रोख आहे. त्यातले काही तर्क आजचे अभ्यासक मान्य करणार नाहीत. पण अस्पृश्यता माणसांनी, इतिहासातल्या अमुक काळात, अमुक कारणाने घडवली, असे ग्रंथभर पुराव्याने मांडणे हीच मोठी गोष्ट होती. जे माणसाने घडवले ते माणसाला मोडता येते.

या शोधात त्यांच्या कामी आली ती लहानपणची कानडी. तमिळमधल्या पाल या शब्दाचे कानडीत हालु झाले, पूचे हू झाले, हे आपल्याकडे शाळेतले मूलही सांगेल. मलबारात ज्यांना पुलय म्हणतात आणि कर्नाटकात होलेय, त्या नावांचे नाते अशा वाटेने उलगडते. मराठी आणि कानडी यांच्या संबंधावरही त्यांनी लेख लिहिले आणि मराठीवर कानडीचे ऋण मोठे आहे हे पुण्यात बसून सांगितले. पुण्याच्या पंडितांना ते रुचणे कठीण होते. सीमेवर वाढलेल्या माणसाला दोन्ही भाषा घरच्या वाटतात, एकीचे मोठेपण सांगताना दुसरी लहान करावीशी वाटत नाही.

अखेरची वर्षे

शेतकऱ्यांच्या जमिनीच्या प्रश्नावर १९२६ नंतर त्यांनी परिषदा गाजवल्या. १९३० च्या सत्याग्रहात वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी सक्तमजुरीची शिक्षा घेतली. 'माझ्या आठवणी व अनुभव' या आत्मचरित्राची सुरुवात येरवड्याच्या तुरुंगातली. पुढे आजारपण आले आणि २ जानेवारी १९४४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. घटनेच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली तो दिवस सहा वर्षे पुढे होता. त्यांच्या मागे त्यांची आठवण ठेवणारा मोठा पक्ष नव्हता आणि जातही नव्हती. सोलापूरचे डॉ. गो. मा. पवार यांनी अनेक वर्षे खपून त्यांचे चरित्र लिहिले. त्याला २००७ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा नव्या पिढीचे लक्ष पुन्हा तिकडे गेले.

आपल्यासाठी

आळंद तालुका १९५६ मध्ये म्हैसूर राज्यात आला. तेव्हापासून आपण मराठी माणसे इथे भाषेने अल्पसंख्य आहोत. मराठी शाळा टिकाव्यात, अर्ज मराठीत चालावेत, आपल्याला परके समजू नये, ही आपली मागणी रास्त आहे आणि ती शांतपणे मांडत राहिली पाहिजे. पण समतेचे माप एकच असते. जे माप आपण सरकारकडे मागतो तेच आपल्या गल्लीत लावायला हवे. गणपतीच्या मांडवात वर्गणी सर्वांची असते. आरतीच्या ताटाला हात कोणाकोणाचा लागतो, महाप्रसादाच्या पंगतीत कोण वाढते आणि कोण शेवटी बसते, कार्यकारिणीत कोणत्या वस्तीचे नाव आजवर आलेच नाही, हे मोजायला फार विद्वत्ता लागत नाही. एक वही आणि अर्धा तास पुरे.

शिंद्यांनी आधी मोजले, मग आपल्या घरापासून सुरुवात केली आणि शेवटी ज्यांचे काम त्यांच्या हाती देऊन बाजूला झाले. या तिन्ही गोष्टी कोणत्याही मंडळाला जमण्यासारख्या आहेत. पुढच्या वर्षी देखाव्याचा विषय ठरवायला बसू तेव्हा जमखंडीच्या या महर्षींचा विचार व्हावा, आणि त्याआधी ती वही उघडावी, ही सर्व सभासदांना नम्र विनंती.

गणपती बाप्पा मोरया!